यमूला जे ठाऊक नव्हतं

साहित्यावर बोलणारी चार माणसं एकत्र आली की मराठीत एक वाद हमखास निघतो. पुरुषानं बाईच्या तोंडून, सवर्णानं दलिताच्या तोंडून, शहरातल्या माणसानं शेतकऱ्याच्या तोंडून गोष्ट सांगावी का? एका बाजूचं म्हणणं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांनी त्यात पडू नये. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, परकायाप्रवेश जमत नसेल तर तो लेखक कसला? दोघंही आपल्या जागी इतके ठाम असतात की वाद पुढे सरकतच नाही. मला या वादात काही सांगायचं आहे, आणि ते मी एका निवेदिकेकडून शिकले आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’मधली यमू ही ती निवेदिका. मराठी कादंबरीत आजवर जेवढ्या ‘मी’ बोलल्या, त्यांत ती मला सगळ्यांत जवळची वाटते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दुसऱ्याच्या तोंडून बोलायला जन्माचा दाखला लागत नाही. पण दोन गोष्टी लागतात. लेखकाला जे ठाऊक आहे ते सगळं त्यानं आपल्या निवेदकाच्या तोंडी कोंबू नये, ही एक. आणि खरा माणूस बोलायला उभा राहील तेव्हा आपण त्याच्या वाटेत उभे नसू याची काळजी घ्यावी, ही दुसरी. यमूच्या बाबतीत हरिभाऊंनी पहिली गोष्ट अशी पाळली की आजही नवल वाटतं. दुसरी पाळणं एकट्या लेखकाच्या हातातलं नसतं. ते समाजाचं काम होतं आणि मराठी समाजानं ते नीट केलं नाही.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू झालं तेव्हा त्याचे संपादक हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकलेले, चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या सहवासात वाढलेले, इंग्रजी कादंबऱ्यांवर पोसलेले. मराठीत तोवर ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची चलती होती. राजकन्या, कपटी प्रधान, अरण्यं, योगायोग. अशा वेळी या तरुणानं एका मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातल्या विधवेच्या हाती लेखणी दिली आणि तिला तिचं आयुष्य सांगायला बसवलं. ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं १८९३ पर्यंत चालली. भावाबरोबरचं लहानपण, खेळाखेळात होऊन गेलेलं लग्न, सासर, आईच्या माघारी बदललेलं माहेर, शिकलेल्या आणि जीव लावणाऱ्या नवऱ्याबरोबर मुंबईत काढलेले थोडे मोकळे दिवस, त्याचा मृत्यू आणि मग शंकरमामंजींच्या हट्टापायी बळजबरीनं झालेलं केशवपन. वाचलेली नसली तरी अनेकांना ही गोष्ट ऐकून माहीत असते. गोष्ट म्हणून ती त्या काळात काही दुर्मीळ नव्हती. घरोघरी घडत होती. दुर्मीळ होती ती सांगणारीची जागा.

यमूची जागा माजघरात आहे. घरातले निर्णय ओसरीवर होतात, दिवाणखान्यात होतात. तिच्यापर्यंत येतो तो त्यांचा परिणाम, कधी दाराआडून ऐकलेल्या अर्ध्या वाक्यातून, कधी सासूच्या बदललेल्या आवाजातून. आपल्याविषयी काय ठरलं हे तिला बहुतेक वेळा ठरून गेल्यावर कळतं. दिवाणखान्यातला युक्तिवाद वाचकाला ऐकवण्याचा मोह कोणत्याही सुधारकी लेखकाला झाला असता. हरिभाऊ तर स्वतः त्या बैठकांमध्ये वावरणारे. स्मृतींचे आधार, सरकारचं धोरण, पुण्यातले दोन पक्ष, सगळं त्यांना पाठ होतं. तरी ते यमूला उंबऱ्याच्या आतच ठेवतात. वाचकही तिच्याबरोबर दाराआड उभा राहतो. पुढच्या खोलीत आपल्या आयुष्याचं काय चाललं आहे हे कळू नये यातली घुसमट एखाद्या निबंधात वर्णन करून सांगता येईल, पण ती अंगावर येते ती इथे.

तिच्या निवेदनात दोन यमू असतात. एक आठ-नऊ वर्षांची, जिला लग्न म्हणजे दागिने, नवी वस्त्रं आणि चार दिवसांची गंमत वाटते. दुसरी लिहिणारी, जिच्या आयुष्यातलं सगळं होऊन गेलेलं आहे. लहानगीला काही कळत नाही, मोठीला सगळं कळून चुकलं आहे, आणि एकाच वाक्यात या दोघी असू शकतात. भावाबरोबरचा एखादा खेळ ती इतक्या रंगून सांगते की आपण त्यात शिरतो, आणि मग ती क्षणभर थांबते, त्या वेळी आपल्याला काय कळत होतं असं काहीसं म्हणते आणि पुढे जाते. ती रडवण्यासाठी थांबत नाही. तिला खरोखरच नवल वाटतं की आपण इतक्या अजाण होतो आणि भोवतालच्या एकाही मोठ्या माणसाला त्या अजाणपणाची कीव आली नाही. बालविवाहाविरुद्ध त्या काळात किती लेख आले असतील, किती सभा झाल्या असतील. लहान मुलीच्या डोळ्यांना लग्न कसं दिसतं हे त्यातल्या एकातही आलं नसणार, कारण तिला विचारायला हवं हेच कोणाला सुचलं नव्हतं.

याआधीही मराठीत एक यमुना होऊन गेली होती. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ची नायिका, १८५७ सालची. तीही विधवांची दुःखं जवळून पाहते, स्वतः विधवा होते, शेवटी ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. बाबा पदमनजींची कळकळ खरी आहे आणि त्या काळात एवढं धाडस करणं सोपं नव्हतं. पण त्यांच्या यमुनेला उत्तर आधीपासून ठाऊक असतं. लेखकाला जिथे पोचायचं आहे तिकडेच ती चालत असते, वाटेत भेटलेल्या विधवा हे तिच्या प्रवासातले मुक्काम. हरिभाऊंची यमू कुठेच पोचत नाही. तिला उपाय ठाऊक नाही, पुनर्विवाह तिच्या वाट्याला येत नाही, आणि आपल्या दुःखावर इलाज काय हे ती वाचकाला सांगत नाही. म्हणूनच मला ती जास्त खरी वाटते. लेखकानं तिच्याकडून भाषण करून घेतलेलं नाही.

ही कादंबरी चालू असतानाच, १८९१ च्या मार्चमध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. शरीरसंबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय त्यानं दहावरून बारा केलं. वर्षभर आधी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली होती, आणि या प्रश्नाला तोंड फुटायला तेच कारण झालं. पुण्यात रान पेटलं. टिळक विरोधात, आगरकर आणि भांडारकर बाजूनं. सभा उधळल्या गेल्या, अग्रलेखांवर अग्रलेख निघाले. डॉक्टर बायकांनी सरकारकडे अर्ज केले, पण ज्या सभागृहात कायदा मंजूर झाला तिथे मत द्यायला एकही स्त्री नव्हती, असणं शक्यच नव्हतं. हा सगळा गदारोळ एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत छापून येणारे यमूचे हप्ते ठेवा. बाहेर जे मुलीच्या वयावर भांडत होते त्यांना परकी सत्ता, धर्माचा अभिमान, शास्त्रार्थ दिसत होता. यमूला यातलं काही दिसत नाही. तिला न्हाणं येण्याआधीचे आणि नंतरचे दिवस दिसतात, सासरच्या बायकांच्या नजरा दिसतात, नवऱ्याशी दिवसाढवळ्या दोन शब्द बोलण्याची चोरी दिसते. मला असं ठामपणे वाटतं की त्या वादात जी गोष्ट निसटत होती ती तिच्याकडे होती.

कायदे हवेतच. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा हवा होता, १८९१ चा हवा होता, आणि २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवाप्रथा बंद करण्याचा जो ठराव केला तोही हवा होता. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे यापुढे गावात होऊ नये असं त्या ठरावानं ठरवलं आणि राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. म्हणजे यमूच्या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षं उलटल्यावरही हे लिहून काढावं लागत होतं. ठराव काय करू नये ते सांगतो. तिरडी दारात असताना एखादी शेजारीण हळूच हात धरते आणि बांगड्या उतरवू लागते, तेव्हा त्या हाताला कसं वाटतं, आणि ती शेजारीण स्वतःही कधीकाळी त्याच जागी बसलेली असली तर तिच्या मनात काय चाललेलं असतं, हे ठरावात लिहिता येत नाही. प्रथा मोडायला तेही कळावं लागतं. कारण प्रथा चालवणारी माणसं राक्षस नसतात. यमूच्या घरातल्या बायकाही नाहीत. ती त्यांच्याविषयी सांगते तेव्हा त्यांचा जाच लपवत नाही आणि त्यांचा द्वेषही करत नाही. त्यांचंही असंच झालं असेल हे तिला दिसतं.

आता हरकतीकडे येते, कारण हरकत खरी आहे आणि मी ती टाळू इच्छित नाही.

यमू बोलू लागली त्याच्या आठ वर्षं आधी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे बोलल्या होत्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या गुन्ह्यात फाशी सुनावली गेली. त्यावरून वर्तमानपत्रांनी तमाम बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं, तेव्हा ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. पुण्यात छापली, पाचशे प्रती. त्यांनी कोणाच्या आडून लिहिलं नाही. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते तुमच्यातच आहेत की नाहीत, असा थेट जाब त्यांनी पुरुषांना विचारला. जोतिराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी काय केलं? थोडी टवाळी आणि मग दीर्घ मौन. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणलं १९७५ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. या सगळ्या काळात यमू मात्र वाचली जात होती, अभ्यासली जात होती, तिच्यासाठी डोळे पुसले जात होते.

असं का झालं? यमू सोसते. ताराबाई सोसत नाहीत, सुनावतात. यमू इतकी निष्पाप, इतकी गुणी आहे की तिची दया करायला वाचकाला काहीच गमवावं लागत नाही. वाचक शंकरमामंजींवर संतापतो आणि आपण शंकरमामंजी नाही या समाधानात अंक मिटतो. ताराबाईंचं पुस्तक हातात घेणाऱ्या पुरुषाला ती पळवाट नव्हती. आणि ज्या विजयालक्ष्मीमुळे त्यांनी लेखणी उचलली ती यमूसारखी निष्कलंक नव्हती. तिच्या हातून गुन्हा घडला होता. अशा बाईला निवेदक करण्याची छाती त्या काळात कोणत्याच कादंबरीकारानं दाखवली नाही, हरिभाऊंनीसुद्धा नाही. यमूवर माझं प्रेम आहे, पण तिचा निर्दोषपणा ही तिच्या लेखकाची मर्यादा आहे हे मला दिसतं. ज्याच्यावर अन्याय झाला तो आधी सज्जन ठरला पाहिजे, मगच त्याचं ऐकू, ही अट आजही आपण घालतो. कुठल्याही अत्याचाराच्या बातमीनंतर त्या बाईच्या चारित्र्याची चौकशी पहिली सुरू होते.

आणखी पुढे या. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. अविवाहित, शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातलं मराठीत पहिल्यांदा इतकं उघडपणे आलं, आणि लेखिकेला विभावरी शिरूरकर या टोपणनावाच्या आड राहावं लागलं. ही बाई आहे तरी कोण याचा शोध घेण्यात आणि तिला बोल लावण्यात अख्खा महाराष्ट्र गुंतला. बाईच्या आवाजात लिहिणाऱ्या पुरुषाला आपण मराठी कादंबरीचा जनक मानून मानाच्या जागी बसवलं, आणि चाळीस वर्षांनी बाईनं स्वतःच्या आवाजात लिहिलं तर तिला नाव लपवावं लागलं. हा दोष हरिभाऊंचा नाही. पण उसना आवाज ऐकायला समाजाला सोपा जातो आणि खरा आवाज टोचतो, एवढं यातून कळतं. जे म्हणतात की दुसऱ्याच्या वेदनेवर लिहिणारे त्या वेदनेची जागा बळकावतात, ते काही हवेत बोलत नाहीत.

तरीही लिहूच नये हा निष्कर्ष मला मान्य नाही. दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला हे मी नव्यानं सांगायला नको. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं, ‘उपरा’ १९८० मध्ये, बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवारांचं ‘आयदान’. कुठल्याही सवर्ण लेखकाला कितीही सहानुभूतीनं लिहिता आलं नसतं असं त्यांत खूप आहे. पण त्यातूनच पुढे एक विचित्र नियम रुजला. दलित लेखकानं आपलंच आयुष्य लिहावं, पुन्हा पुन्हा लिहावं, आणि त्यानं कादंबरी लिहिली तरी त्यात खरं किती असं विचारावं. कल्पनेचं स्वातंत्र्य बाकीच्यांना, अनुभवाची सक्ती त्याला. ज्याचं त्यानंच लिहावं हा नियम काटेकोर पाळायचा ठरवला तर त्याचा पहिला फटका ज्यांच्या रक्षणासाठी तो केला त्यांनाच बसतो. एखाद्या दलित लेखिकेला पेशवाईतल्या शास्त्र्याच्या तोंडून कादंबरी लिहायची असेल तर तिला कोण अडवणार? कोणीही अडवू नये. आणि तिला अडवायचं नसेल तर हरिभाऊंनाही अडवता येणार नाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा: तुमच्या निवेदकाला काय ठाऊक नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

हा प्रश्न मी यमूलाच लावून पाहते तेव्हा मला तिच्या गोष्टीतली एक रिकामी जागा दिसते. केशवपनाच्या प्रसंगात एक माणूस हजर असतो, ज्याच्याशिवाय तो प्रसंग घडूच शकत नाही. वस्तरा चालवणारा न्हावी. तो येतो, काम करतो, आपला शिधा किंवा पैसे घेऊन जातो. यमूला त्याच्या मनातलं कळायला मार्ग नाही. ती कोसळलेली आहे, तिच्याकडून ती अपेक्षा करणंही क्रूरपणाचं होईल. पण तिच्या लेखकालाही ते विचारावंसं वाटलं नाही. आणि गंमत पाहा, ज्या १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू झालं त्याच वर्षी मुंबईत नाभिकांची सभा भरली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं. इथून पुढे आपण विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्या माणसांनी ठरवलं. सत्यशोधकांची ही कामगिरी. पुण्यातल्या सुशिक्षित सुधारकांनी शास्त्राधार शोधण्यात वर्षं घालवली, आणि इथे हातावर पोट असलेल्या माणसांनी वस्तराच खाली ठेवला. रोजच्या मिळकतीतला वाटा सोडून. एखाद्या आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर वस्तरा फिरवताना त्यांतल्या कोणाचा तरी हात थांबला असेल, कोणी तरी घरी जाऊन जेवला नसेल. त्याच्या तोंडून ही गोष्ट मराठीत यायला हवी होती. ती ना त्या काळात आली, ना माझ्या वाचनात नंतर. हिला मी यमूची बहीण-गोष्ट म्हणेन. आज कोणी ती लिहायला घेतली तर तो नाभिक समाजातला असावाच अशी अट मी घालणार नाही. मात्र त्यानं त्या कामाची माहिती काढलेली असावी, आणि १८९० च्या न्हाव्याच्या तोंडी २०२५ ची भाषणं घालू नयेत.

हे सगळं लेखकांपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. दुसऱ्याच्या तोंडून बोलायला महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल शाळेत शिकतं. आत्मकथन, मनोगत, कैफियत. ‘मी शेतकरी बोलतोय’, ‘सैनिकाचे मनोगत’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’. दहावीच्या मराठीच्या पेपरात आत्मकथन असतं. किती सुंदर प्रकार आहे हा, आणि त्याचं आपण काय करून ठेवलं आहे! नाशिककडच्या एका मुलाची निबंधाची वही मी पाहिली होती. घरची शेती, दारात कांद्याची चाळ. भाव पडल्यामुळे त्या चाळीतला कांदा विकायचा थांबवलेला आणि खालचा थर सडायला लागलेला. घरात रोज तोच विषय. आणि वहीत त्यानं लिहिलं होतं की मी जगाचा पोशिंदा, माझी हिरवीगार शेतं वाऱ्यावर डोलतात, सर्जा-राजा माझे सखे. त्यांच्याकडे बैल नव्हते, ट्रॅक्टर भाड्यानं यायचा. बाईंनी शेरा दिला होता, ‘छान’. गाइडातला शेतकरी त्या मुलाच्या वहीत आला, त्याचा बाप आला नाही. कांदा निवडताना बाप काय बोलतो, किती वेळ गप्प असतो, बाजार समितीतून आलेल्या फोनवर त्याचा आवाज कसा होतो, हे त्या मुलाला पूर्ण ठाऊक होतं. ते लिहिण्याजोगं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

अशा रीतीनं आपण दरवर्षी लाखो मुलांना दुसऱ्याच्या तोंडून खोटं बोलायची सवय लावतो. पुढे हीच मुलं पत्रकार होतात, जाहिरातींच्या संहिता लिहितात, सामाजिक संस्थांचे अहवाल लिहितात, पुढाऱ्यांची भाषणं लिहितात, आणि शेतकरी, आदिवासी, कष्टकरी स्त्री यांच्या तोंडी तीच गुळगुळीत वाक्यं घालतात. अहवालातली प्रत्येक ‘लाभार्थी’ बाई एकाच सुरात कृतज्ञ असते. तिला काही कळत नाही, काही आवडत नाही, तिची योजनेबद्दल काही तक्रार आहे, असं कधी छापून येत नाही. तिच्या नावानं बोलणाऱ्यानं तिच्याजवळ बसून ऐकलेलंच नसतं.

आत्मकथन अभ्यासक्रमातून काढून टाका असं मी म्हणणार नाही. उलट ते नीट शिकवा. मुलांना एका खऱ्या माणसाकडे पाठवा. शाळेसमोरचा चप्पल शिवणारा असेल, धुणीभांडी करणाऱ्या मावशी असतील, स्वतःची आजी असेल. तासभर ऐकायचं, मग त्यांच्या तोंडून एक पान लिहायचं, आणि ते पान त्यांना वाचून दाखवायचं. ते म्हणाले, असं मी बोलत नाही, तर पुन्हा लिहायचं. गुण निबंधातल्या अलंकारांना देऊ नका, या दुसऱ्या लिखाणाला द्या. सुट्टीतला गृहपाठ म्हणून दिला तरी जमण्यासारखं आहे हे, त्याला निधी लागत नाही.

आणि महाविद्यालयात यमू शिकवताना तिला एकटी शिकवू नका. १८९३ मध्ये तिची गोष्ट संपली त्याच वर्षी पुण्यात गोदूबाई जोशी या विधवेनं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. आठव्या वर्षी विधवा झालेली, केशवपनातून गेलेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली ही मुलगी. कर्व्यांच्या मुरूड गावानं त्या दोघांना वाळीत टाकलं. लग्नानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, १९४४ मध्ये, आनंदीबाई कर्वे या नावानं तिचं ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झालं. यमूच्या आणि तिच्या आयुष्याची सुरुवात जवळजवळ सारखी आहे. पुढचं काहीच सारखं नाही. बाया कर्वे, म्हणजे आनंदीबाईच, कामाला लागतात, निधी गोळा करत हिंडतात, नवऱ्याच्या थोरपणापुढे घरखर्चाचं काय होतं ते स्पष्ट सांगतात, रागावतात, हसतात. ‘स्त्रीपुरुषतुलना’, ‘पण लक्षांत कोण घेतो!’ आणि ‘माझे पुराण’ ही तीन पुस्तकं एकाच सत्रात एकाशेजारी एक ठेवा आणि मुलांना विचारा: हरिभाऊंनी यमूसाठी जो शेवट लिहिला त्याविषयी बायाबाईंनी त्यांना काय सांगितलं असतं?